सरकता किनारा आणि सातबारा : प्रस्तावना

समुद्र वस्तीकडे सरकू लागला की वस्तीसमोर तीन मार्ग उरतात, ही मांडणी हवामान बदलाविषयीच्या आंतरसरकारी समितीच्या, म्हणजे आयपीसीसीच्या, किनारपट्टी उपगटाने १९९० मध्ये केली आणि पुढील साऱ्या चर्चेने तीच चौकट स्वीकारली. भिंती, बंधारे आणि टेट्रापॉड घालून पाणी अडवायचे, घरांची जोती उंच करून व पिके बदलून पाण्यासोबत राहायचे, किंवा मागे हटायचे, असे ते तीन मार्ग होत. यांपैकी तिसरा मार्ग संकट कोसळल्यावरची पळापळ म्हणून नव्हे, तर आधी ठरवून, कायद्याच्या चौकटीत, सार्वजनिक पैशाने आणि राहणाऱ्यांच्या संमतीने अनुसरला जातो, तेव्हा त्याला ‘नियोजित माघार’ म्हणता येते. ‘माघार’ या शब्दाला मराठीत पराभवाचा वास आहे, ‘स्थलांतर’ म्हटले की जाणाऱ्याची इच्छा गृहीत धरली जाते, ‘विस्थापन’ म्हटले की सक्ती आली, आणि ‘पुनर्वसन’ हा शब्द तर धरणग्रस्तांच्या तीन पिढ्यांनी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर इतका झिजवला आहे की त्यातले ‘वसणे’ सहसा ऐकूच येत नाही. म्हणून या प्रस्तावनेत किनारा सोडण्याच्या क्रियेला ‘माघार’ आणि त्या क्रियेमुळे शासनावर येणाऱ्या दायित्वाला ‘पुनर्वसन’ असे दोन वेगळे शब्द योजले आहेत. पहिली गोष्ट घडते आणि दुसरी घडत नाही, हाच या विषयाचा बहुतेक ठिकाणचा इतिहास असल्यामुळे हा भेद आरंभीच करणे आवश्यक आहे.

समुद्राच्या बाजूचे आकडे आता पुरेसे स्पष्ट आहेत. आयपीसीसीच्या सहाव्या मूल्यांकनानुसार १९०१ ते २०१८ या काळात जगाची सरासरी समुद्रपातळी सुमारे २० सेंटिमीटरने वाढली, २००६ नंतरच्या बारा वर्षांत वाढीचा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटरपर्यंत पोहोचला, आणि १९९५ ते २०१४ या कालखंडाच्या सरासरीशी तुलना करता, २१०० पर्यंतची संभाव्य वाढ उत्सर्जन अत्यल्प राहिल्यास २८ ते ५५ सेंटिमीटर व अतिशय जास्त राहिल्यास ६३ सेंटिमीटर ते १ मीटर इतकी मानली जाते. परंतु पाण्याची उंची आणि किनाऱ्याची धूप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. राष्ट्रीय किनारा संशोधन केंद्राने १९९० ते २०१८ या काळातील उपग्रहचित्रांवरून केलेल्या अभ्यासात भारताच्या मुख्य भूमीचा ३३.६ टक्के किनारा धुपत असल्याचे, तर २६.९ टक्के किनाऱ्यावर गाळ साचून जमीन वाढत असल्याचे आढळले. पश्चिम बंगालमध्ये धुपणाऱ्या किनाऱ्याचे प्रमाण ६०.५ टक्के, केरळात ४६.४ टक्के आणि खडकाळ कोकणामुळे महाराष्ट्रात २५.५ टक्के आहे. एकाच समुद्राची पातळी वाढत असताना ही तफावत का पडते, याचे उत्तर केवळ समुद्रात सापडत नाही. नदीने आणलेली वाळू वरच्या धरणांत अडकते, बंदराची लाटरोधक भिंत किनाऱ्याने वाहणारी वाळू एका बाजूला साठवते आणि दुसरी बाजू उपाशी ठेवते, आणि एका गावापुढे बांधलेला बंधारा लाटांचा मारा पुढच्या गावावर ढकलतो. हवामान बदल हे सर्व अधिक तीव्र करतो, पण ज्याला सरसकट ‘समुद्राने गाव गिळले’ म्हटले जाते त्यात माणसाने उभारलेल्या एखाद्या प्रकल्पाचा वाटा बहुधा असतोच, आणि समुद्राचे नाव पुढे केले की तो वाटा सोयीस्करपणे झाकला जातो.

या झाकपाकीचे परिणाम कायद्यात दिसतात, आणि नियोजित माघारीचा प्रश्न अभियांत्रिकीचा असण्याआधी महसुली कायद्याचा का आहे, हे तेथूनच उलगडते. धरणासाठी, रस्त्यासाठी वा कारखान्यासाठी जमीन घेतली जाते तेव्हा ती कोणीतरी घेत असते. म्हणून मोबदल्याचा प्रश्न उद्भवतो, आणि महाराष्ट्रापुरते बोलायचे तर १९२१ च्या मुळशी सत्याग्रहापासून ‘आधी पुनर्वसन, मगच धरण’ या घोषणेपर्यंतच्या दीर्घ संघर्षातून १९७६ चा प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा राज्य कायदा, लाभक्षेत्रातील पर्यायी जमिनीचे तत्त्व आणि नव्या गावठाणातील नागरी सुविधांची यादी उभी राहिली. समुद्र मात्र जमीन ‘संपादन’ करत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या, म्हणजे १९६६ च्या कायद्याच्या, कलम २० नुसार भरतीरेषेखालील समुद्राचा, बंदरांचा आणि खाड्यांचा तळ ही राज्य शासनाची मालमत्ता आहे. तेव्हा भरतीरेषा आत सरकली की वाडीचा तुकडा वापरातून जातो एवढेच नव्हे, तर त्यावरील खातेदाराचा हक्कच धोक्यात येतो आणि शासनाला काही न देता काहीतरी मिळते. वसाहतकालीन कायद्याला ही परिस्थिती अपरिचित नव्हती. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल संहितेत पाण्याने वाहून गेलेली जमीन अर्ध्या एकराहून कमी नसेल तर तेवढ्यापुरता सारा कमी करून मिळण्याचा हक्क खातेदाराला दिलेला होता. सरकारने सारा सोडला, याचा अर्थ जमीन गेल्याची नोंद घेतली. नुकसान भरून देण्याची कल्पना त्या तरतुदीत कोठेही नव्हती. भूसंपादन, पुनर्वसन व पुनर्स्थापनेत वाजवी भरपाई देणाऱ्या २०१३ च्या केंद्रीय कायद्यातही ‘बाधित कुटुंब’ ठरते ते संपादनामुळे, धूप झाल्यामुळे नव्हे. मराठीत धरणग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, दुष्काळग्रस्त असे शब्द रुळले आहेत आणि त्या प्रत्येकामागे कोठेतरी शासननिर्णय आहे. किनारा हळूहळू गमावणाऱ्यासाठी असा शब्दच नाही, आणि ज्याला शब्द नाही त्याची फाइलही उघडत नाही.

आपत्तीचा कायदा ही पोकळी भरून काढील अशी अपेक्षा स्वाभाविक असली तरी त्याची घडण वेगळी आहे. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याची व्याख्या घडून गेलेल्या घटनेभोवती बांधलेली आहे, आणि राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून मदतीसाठी केंद्राने मान्य केलेल्या आपत्तींच्या यादीत चक्रीवादळ, पूर, त्सुनामी, दरड, गारपीट यांना स्थान असले तरी किनाऱ्याची धूप नाही. राज्यांना स्वतःच्या आपत्ती ठरवण्याची मुभा आहे. त्यानुसार केरळने किनाऱ्याची धूप ही राज्याची आपत्ती मानली आणि महाराष्ट्राने समुद्राचे उधाण मानले. या दोन शब्दांत जो फरक आहे तो कागदी नाही. उधाण एका रात्री येते, तलाठी दुसऱ्या दिवशी पंचनामा करू शकतो, पडलेल्या भिंतीची लांबी मोजता येते. धूप मात्र वर्षाला हातभर पुढे येते. पहिल्या वर्षी माडांची रांग जाते, पुढे कधीतरी विहीर खारट होते, मग होड्या ओढून ठेवायला पुळण उरत नाही, आणि घराची भिंत ढासळते तेव्हा गावाचे गावपण बरेच आधी संपलेले असते. ज्याचा पंचनामा होत नाही अशा नुकसानीचे शासन कसे करायचे, हा या विषयाचा गाभा आहे.

भारतात या प्रश्नाला दिले गेलेले सर्वांत बोलके उत्तर ओडिशाच्या केंद्रापाडा जिल्ह्यातील सातभाया येथे पाहायला मिळते. सातभाया म्हणजे सात भाऊ. भितरकनिकेच्या दलदली जंगलाजवळच्या सात गावांच्या या समूहातील बहुतेक गावे गेल्या काही दशकांत एकामागून एक बंगालच्या उपसागरात गेली. महानदीवरील हिराकुड धरण १९५७ मध्ये पूर्ण झाले आणि किनाऱ्याच्या दक्षिणेकडील पारादीप बंदर १९६६ मध्ये सुरू झाले. गाळ व वाळूच्या वाटचालीतील हे बदल तेथील धुपीच्या कारणांत गणले जातात, म्हणजे समुद्राच्या आड प्रकल्प दडलेला असण्याचे हे ठळक उदाहरण. गावकऱ्यांनी वर्षानुवर्षे मागणी केल्यानंतर ओडिशा सरकारने सुमारे बारा किलोमीटर आत बागपटिया येथे वसाहत आखली आणि ५७१ कुटुंबांना तेथे हलवण्यास २०१६ च्या सुमारास आरंभ झाला. धूप होत असताना, एखादे वादळ निमित्त होण्याची वाट न पाहता, संपूर्ण वस्ती राज्याने सामूहिकरीत्या हलवण्याचा देशातील हा बहुधा पहिलाच प्रयत्न असल्याचे श्रेय सरकारला दिले पाहिजे.

तथापि देण्यात आले ते काय, हे मराठी वाचकाला गुंठ्यांत सांगितले तर अधिक उमगेल. प्रत्येक कुटुंबाला दहा डेसिमल, म्हणजे चार गुंठे, जागा मिळाली आणि घर बांधण्यासाठी राज्याच्या घरकुल योजनेतून सुमारे दीड लाख रुपये. शेतजमीन मिळाली नाही. सातभायातील लोक भात पिकवणारे, म्हशी पाळणारे आणि मासे धरणारे होते. चार गुंठ्यांत घर उभे राहते, गोठा जेमतेम बसतो, शेत बसत नाही. परिणामी बागपटियाचे अनेक तरुण मजुरीसाठी दूरच्या राज्यांत, त्यातही केरळात, जाऊ लागले. एका धुपणाऱ्या किनाऱ्यावरून हलवलेल्या घराचा खर्च दुसऱ्या धुपणाऱ्या किनाऱ्याच्या राज्यातील मजुरीवर चालावा, ही गोष्ट कोणत्याही योजनेच्या प्रगतिपुस्तकात नोंदली जाणार नाही. धरणग्रस्तांच्या लढ्यातून महाराष्ट्र जे शिकला, की घराच्या बदल्यात घर म्हणजे निवारा आणि जमिनीच्या बदल्यात जमीन म्हणजे पुनर्वसन, ते येथे लागू झाले नाही, कारण कायद्याच्या लेखी सातभायाची जमीन कोणी घेतलीच नव्हती.

सातभायाच्या ग्रामदैवताची हकिकत या प्रश्नाची आणखी एक बाजू दाखवते. पंचुबाराही देवीच्या पाच मूर्तींची पूजा तेथे मासेमार कुटुंबांतील स्त्रियाच करत, आणि पुरुषांनी मूर्तींना स्पर्श करू नये असा शतकानुशतकांचा दंडक होता. एप्रिल २०१८ मध्ये या जड पाषाणमूर्ती बागपटियाला हलवताना पुरुषांचे हात लावावेच लागले, आणि त्यासाठी तो दंडक तेवढ्यापुरता दूर ठेवला गेला. परंपरा माणसांच्या गरजेपुढे किती सहज वाकते हे त्यातून दिसते, असे म्हणता येईल. पण गावकऱ्यांनी देवी नेल्याखेरीज गाव गेले असे मानले नाही, हे अधिक महत्त्वाचे आहे. उजनीच्या जलाशयाचे पाणी ओसरले की पळसदेवचे बुडालेले देऊळ वर येते आणि लोक ते पाहायला लोटतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना पुनर्वसनाच्या तक्त्यात देवळाचा रकाना का लागतो, हे समजावून सांगण्याची गरज नाही.

केरळने सातभायाच्या नेमका उलटा मार्ग निवडला. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या ‘पुनर्गेहम’ योजनेत भरतीरेषेपासून ५० मीटरच्या आत राहणारी १८,६८५ मच्छिमार कुटुंबे निश्चित करण्यात आली, २,४५० कोटी रुपयांचा आराखडा मांडण्यात आला, आणि प्रत्येक कुटुंबाला जमीन व घर मिळून १० लाख रुपये देण्याचे ठरले. ज्यांना स्वतः जमीन शोधणे शक्य नाही त्यांच्यासाठी सदनिकांच्या इमारती बांधण्यात आल्या. येथे गाव हलत नाही, कुटुंब हलते, आणि तेही स्वेच्छेने. सक्ती टाळणारी ही रचना पहिल्या दृष्टीस उदार वाटते. परंतु केरळाच्या दाट वस्तीत, समुद्राच्या जवळपास, १० लाखांत जमीन आणि घर दोन्ही मिळणे अवघड असल्याने ज्याला जायचे त्याला दूर जावे लागते, आणि पहाटे वाऱ्याचा व पाण्याचा रंग पाहून होडी लोटायची की नाही हे ठरवणाऱ्या माणसासाठी दहा किलोमीटरचे अंतर म्हणजे व्यवसायबदल असतो. शिवाय अर्धी घरे रिकामी झालेली आणि अर्धी उरलेली वस्ती ही किनाऱ्यावरील सर्वांत दुबळी वस्ती असते, कारण तिच्यासाठी बंधारा बांधण्याचे समर्थनही कमी होते आणि तिची सामूहिक ताकदही. याच राज्यात २०२२ मध्ये विळिंजम येथील नव्या बंदरामुळे आपला किनारा धुपतो आहे असे म्हणत मच्छिमारांनी मोठे आंदोलन केले. बंदर त्या धुपीला किती कारण आहे याविषयी मतभेद आहेत, पण एकीकडे माघारीची योजना आणि दुसरीकडे किनाऱ्यावरच वाढते बांधकाम हे दोन्ही एकाच सरकारने एकाच दशकात पुढे रेटावे, हे धोरण नव्हे.

हा विरोधाभास केरळापुरता नाही. १८ जानेवारी २०१९ च्या सागरी किनारा नियमन क्षेत्र अधिसूचनेने, म्हणजे ज्याला सर्वत्र सीआरझेड म्हटले जाते तिने, दाट लोकवस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरील ना-विकास पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरवरून ५० मीटरवर आणला, आणि त्या पट्ट्यात पुळणीवर पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना वाटही दिली. म्हणजे ज्या ५० मीटरमधून मच्छिमाराने धोक्यामुळे निघून जावे असे एक शासन म्हणते, त्या ५० मीटरच्या पलीकडच्या कडेवर नवे बांधकाम सुरक्षित आहे असे दुसरे शासन म्हणते. त्याच अधिसूचनेत भारतीय सर्वेक्षण विभागाने आखलेल्या धोकारेषेचा, म्हणजे पूर, धूप आणि समुद्रपातळीतील वाढ लक्षात घेऊन पाणी कोठवर येऊ शकते हे दाखवणाऱ्या रेषेचा, उल्लेख आहे. पण ती आपत्ती नियोजनासाठी मार्गदर्शक आहे, बांधकामाला बंधनकारक नाही. रेषा आखली आणि तिला अधिकार दिला नाही. माघारीनंतर मोकळ्या होणाऱ्या किनाऱ्याचे काय करायचे, हा प्रश्न म्हणूनच सर्वांत नाजूक आहे. पुनर्गेहममध्ये सोडलेली जागा सरकारकडे जाते. ती कायमची मोकळी राहील आणि मच्छिमारांना तेथे जाळी वाळवता, होड्या ठेवता येतील अशी बंधनकारक हमी नसेल, तर धोक्याच्या नावाखाली गरिबाला हलवून तीच जागा दहा वर्षांनी रिसॉर्टला देण्याचा मार्ग खुला राहतो, आणि किनाऱ्यावरील माणसाचा संशय मुख्यतः याच ठिकाणी असतो. हा संशय निराधार आहे असे म्हणण्यासारखी परिस्थिती देशाच्या कोणत्याही किनाऱ्यावर नाही.

परदेशातील तीन उदाहरणे या चर्चेत नेहमी येतात. त्यांपैकी फिजीचे उदाहरण अनुकरणीय मानले जाते आणि बऱ्याच अंशी ते तसे आहे. वनुआ लेवु बेटावरील वुनिदोगोलोआ हे गाव जानेवारी २०१४ मध्ये सुमारे दोन किलोमीटर आत, केनानी या नावाने, पुन्हा वसले. नवी जागा त्याच कुळाच्या सामुदायिक मालकीची असल्याने विकत घेण्याचा वा हक्क सिद्ध करण्याचा प्रश्नच आला नाही, आणि गावकऱ्यांनी स्वतः माघारीची मागणी केली होती. तरीही नव्या घरांना आरंभी स्वयंपाकघरेच नव्हती, ही नोंद अभ्यासकांनी करून ठेवली आहे, आणि आराखड्याच्या बैठकीत कोण बसले होते याचा अंदाज तेवढ्यावरून बांधता येतो. या अनुभवानंतर फिजीने डिसेंबर २०१८ मध्ये नियोजित स्थलांतराची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली आणि २०१९ मध्ये त्यासाठी विश्वस्त निधीचा स्वतंत्र कायदा केला. अमेरिकेच्या लुइझियाना राज्यातील आयल द जाँ शार्ल या बेटाचा १९५५ पासून सुमारे ९८ टक्के भूभाग नाहीसा झाला. तेलकंपन्यांनी खोदलेले कालवे आणि मिसिसिपी नदीला घातलेले बांध यांचाही त्यात हात होता. २०१६ मध्ये केंद्र शासनाने त्या राज्याला ४ कोटी ८३ लाख डॉलर दिले, सुमारे ६५ किलोमीटर उत्तरेला नवी वसाहत उभी राहिली आणि २०२२ मध्ये पहिली कुटुंबे तेथे गेली. पण आदिवासी जमात म्हणून एकत्र हलण्यासाठी जी योजना आखली होती ती राज्याच्या हातात गेल्यावर व्यक्तिगत लाभार्थ्यांची योजना झाली, अशी त्या जमातीच्या नेतृत्वाची तक्रार आहे. वेल्समधील फेअरबोर्नची कथा लहान आणि कठोर आहे : २०५४ नंतर त्या गावाचा समुद्रबांध राखला जाणार नाही असे किनारा आराखड्यात ठरले, पण लोकांनी कोठे आणि कशाच्या आधारावर जायचे हे ठरले नाही, त्यामुळे समुद्र येण्याआधीच घरांच्या किमती कोसळल्या. तारीख जाहीर करणे म्हणजे नियोजन, हा गैरसमज फेअरबोर्नने कायमचा मोडीत काढला आहे.

महाराष्ट्र आणि गोवा या चर्चेत सहसा येत नाहीत, कारण येथे अद्याप सातभाया घडलेले नाही. परंतु माघार घडतच नाही असे मानणे चूक ठरेल. ती शेताची माघार आहे आणि म्हणून दिसत नाही. रायगडच्या खाडीकाठी भरतीचे पाणी रोखून भात पिकवणारी खारभूमी, आणि गोव्यातील खाजण शेती, ही शेकडो वर्षे गावाने स्वतः राखलेल्या बांधांवर उभी होती. कोकणातील उघाडी काय किंवा गोव्याची मानस काय, ओहोटीला पाणी सोडणारी आणि भरतीला बंद होणारी ही दारे कोणी सांभाळायची, बांधाला भगदाड पडले तर कोणी धावायचे, याचे नियम ठरलेले होते. महाराष्ट्रात १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणावर शासनाकडे आली, गोव्यात १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ती गावकरी या ग्रामसंस्थेकडून कुळांच्या संघांकडे गेली, आणि दोन्हीकडे दुरुस्ती मागे पडली. बांध फुटून खारे पाणी आत आले की काही वर्षांत तेथे कांदळवन उगवते. कांदळवने तोडण्यास मुंबई उच्च न्यायालयाने २००५ च्या अंतरिम आदेशाने आणि २०१८ च्या निकालाने मनाई केली आहे, आणि किनाऱ्याच्या संरक्षणाच्या दृष्टीने ती मनाई योग्यच आहे. पण त्याचा एक परिणाम असा की सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्या शेतकऱ्याचे शेत परत मिळवण्याचा मार्ग बंद होतो आणि मोबदल्याचा मार्ग उघडत नाही. समुद्राला जमीन परत देऊन तेथे खारी दलदल वाढू देणे याला युरोपात नियोजित माघारीचा उत्तम प्रकार मानतात आणि त्यासाठी जमीनमालकाला पैसे मोजतात. कोकणात तेच विनानियोजन आणि विनामोबदला होते.

मच्छिमार वस्त्यांची स्थिती आणखी बिकट आहे, कारण तेथे सातबारासुद्धा बहुधा नसतो. मुंबईच्या कोळीवाड्यांच्या सीमांकनाचा प्रश्न वर्षानुवर्षे रेंगाळलेला आहे. घराखालची जागा कोणाची हे ज्या वस्तीत ठरलेले नाही, तेथे ‘जागेच्या बदल्यात जागा’ या सूत्राला काही अर्थ उरत नाही. शिवाय घर हे त्या वस्तीच्या मालमत्तेतील सर्वांत लहान भाग असते. मालवणच्या किनाऱ्यावर रापण ओढायला मोकळी, सपाट आणि लांब पुळण लागते, आणि ती कोणा एकाच्या नावावर नसते. मासळी सुकवण्याची जागा, जाळी विणण्याची सावली, होडी वर घेण्याचा उतार यांचीही तीच गत. वैयक्तिक लाभार्थी मोजणारी योजना यांपैकी काहीच मोजत नाही.

पैशाची आणि तत्त्वाची थोडी सोय अलीकडे झाली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी धूप रोखण्याकरिता १,५०० कोटी आणि धुपीने विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनाकरिता १,००० कोटी रुपये, नदी आणि समुद्र दोन्ही धरून, सुचवले. संपूर्ण देशासाठी असलेल्या दुसऱ्या रकमेची तुलना केरळाच्या एकट्याच्या २,४५० कोटींशी केली म्हणजे तिचे मोल कळते. २१ मार्च २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने माळढोक पक्ष्यासंबंधीच्या प्रकरणात, हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क घटनेच्या कलम १४ आणि २१ मध्ये अंतर्भूत असल्याचे मान्य केले. या हक्काला किनाऱ्यावर अर्थ प्राप्त व्हायचा असेल तर राज्यांना कायद्यात काही साध्या पण अवघड गोष्टी लिहाव्या लागतील : धोकारेषेच्या आत आलेले गाव पुनर्वसनास पात्र ठरेल, त्यासाठी घर पडण्याची अट असणार नाही, जायचे की नाही आणि केव्हा, यावर ग्रामसभेचा ठराव लागेल, बुडालेल्या जमिनीवरील हक्काचे मोल नव्या जागेत धरले जाईल, आणि सोडलेल्या किनाऱ्यावर मासेमारीचा वापर अबाधित राहून इतर बांधकामाला कायमची बंदी असेल. धूप ज्या बंदराने वा बंधाऱ्याने वाढवली त्याच्याकडून पुनर्वसनाचा हिस्सा घेण्याची तरतूदही यात यायला हवी. तिला विरोध सर्वांत जास्त होईल, आणि ती वगळली तर उरलेल्या तरतुदी दानधर्माच्या पातळीवर येतील.

महाराष्ट्राला पुनर्वसनाचा अनुभव नाही असे कोणी म्हणणार नाही. पण अलीकडचा अनुभव मृत्यूनंतरचा आहे. ३० जुलै २०१४ रोजी दरडीखाली गेलेल्या माळीणचे गाव आमडे येथे २०१७ मध्ये उभे राहिले, २०२१ मध्ये तळिये आणि २०२३ मध्ये इर्शाळवाडी घडली, आणि प्रत्येक वेळी नवी घरे बांधण्याचा निर्णय ढिगारा उपसताना झाला. किनाऱ्यावर निदान वेळ आहे. म्हणून कोकणातील ग्रामपंचायतींना, मच्छिमार सहकारी संस्थांना आणि गोव्यातील गावकऱ्यांना या प्रस्तावनेच्या अखेरीस एकच विनंती करायची आहे : कायदा होण्याची वाट न पाहता, आज भरतीरेषा कोठे आहे, तिच्यापासून घरे, विहिरी, देवळे, स्मशान, रापणीची पुळण आणि मासळी सुकवण्याच्या जागा किती अंतरावर आहेत आणि त्यांचा वापर कोण करते, याची मोजणी करून ती ग्रामसभेच्या ठरावासह दरवर्षी दप्तरात नोंदवावी. जमीन गेल्यानंतर ती तेथे होती हे सिद्ध करण्याची जबाबदारी आजच्या कायद्यानुसार गमावणाऱ्यावरच येते.